‘मेट्रॉइड’ : जुन्या भुयारांना नवा नकाशा

जुनी कलाकृती नव्या पिढीपुढे आणणाऱ्याला नेहमीच एक पेच पडतो. ती जशीच्या तशी ठेवावी तर नव्या रसिकाला ती जड जाते; फार बदलावी तर जिच्यामुळे ती लक्षात राहिली, ती गोष्टच निसटून जाते. व्हिडिओ गेमच्या बाबतीत हा पेच अधिक कठीण असतो. चित्रपट कंटाळवाणा झाला तरी तो आपोआप पुढे सरकत राहतो. खेळ मात्र खेळणाऱ्याने स्वतःच्या हातांनी पार करावा लागतो. त्यात अडलेला माणूस पुढचे काहीच पाहू शकत नाही.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने २००४ मध्ये ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी ‘मेट्रॉइड : झिरो मिशन’ हा खेळ बाजारात आणला. १९८६ च्या ‘मेट्रॉइड’ची ती पुनर्निर्मिती होती. जुन्या खेळातील कोणती अडचण त्याचा प्राण होती आणि कोणती केवळ तत्कालीन यंत्राची मर्यादा होती, याची निवड या पुनर्निर्मितीत ज्या विवेकाने झाली, तो अभ्यासण्याजोगा आहे.

एकाकी भुयारांचा खेळ

मूळ ‘मेट्रॉइड’ जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ या घरगुती यंत्राच्या डिस्क जोडणीसाठी प्रसिद्ध झाला आणि १९८७ मध्ये अमेरिकेत पोहोचला. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील अनेक घरांत दूरचित्रवाणी संचाला जोडून ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळले जात, ती स्वस्त यंत्रे म्हणजे बहुधा याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्या खेळांत धावण्याची दिशा ठरलेली असे : डावीकडून उजवीकडे, एका टप्प्यानंतर दुसरा टप्पा. ‘मेट्रॉइड’ने ही चाकोरी मोडली.

या खेळाची नायिका सेमस अरान झेबेस नावाच्या ग्रहाच्या पोटातील भुयारांत एकटी उतरते. अंतराळातील चाच्यांनी पळवून नेलेले ‘मेट्रॉइड’ हे जीवशक्ती शोषणारे प्राणी नष्ट करणे आणि ‘मदर ब्रेन’ या नियंत्रक मेंदूचा नाश करणे, हे तिचे काम. तिथे टप्पे नाहीत. एकाला एक जोडलेला एकच अखंड भूलभुलैया आहे. आरंभी बंद असलेली वाट पुढे एखादे साधन हाती आल्यावर उघडते : गोळा होऊन अरुंद फटीतून घरंगळण्याची शक्ती, भिंती फोडणारे बॉम्ब, शत्रूला गोठवून त्याचीच पायरी करणारा हिमकिरण. जिथून हात हलवत परत फिरावे लागले, तिथे पुन्हा येऊन आत शिरण्याचा आनंद हे या खेळाचे मर्म होते. हिरोकाझु तनाका यांच्या संगीताने त्या भुयारांतील परकेपणा अधिकच गडद केला.

मात्र या खेळाला नकाशा नव्हता. अमेरिकेतील आवृत्ती १२८ किलोबाइटमध्ये बसवलेली होती. एवढ्या जागेत मोठे जग उभे करायचे म्हणजे त्याच त्या खोल्या पुन्हा पुन्हा वापरणे भाग होते. परिणामी एकसारख्या दिसणाऱ्या मार्गिकांत खेळणारा भरकटत असे. जपानी आवृत्तीत प्रगती डिस्कवर नोंदली जाई. अमेरिकी आवृत्तीत मात्र २४ अक्षरांचा सांकेतिक शब्द कागदावर उतरवून घ्यावा लागे. खेळ पुन्हा सुरू केला की शक्तीचे कितीही साठे मिळवलेले असले तरी सेमसच्या अंगी केवळ ३० एकक शक्ती उरे. मग बारीकसारीक शत्रू मारत ती भरून काढण्यात बराच वेळ जाई.

काय बदलले?

योशिओ साकामोतो हे मूळ खेळाच्या निर्मितीत सहभागी होते आणि ‘झिरो मिशन’चे दिग्दर्शनही त्यांनीच केले. २००२ मध्ये आलेल्या ‘मेट्रॉइड फ्यूजन’साठी घडवलेली तांत्रिक चौकट त्यांच्या चमूच्या हाताशी होती. त्यामुळे सेमसच्या हालचाली पार पालटल्या. मूळ खेळात तिला खाली वाकता येत नसे, तिरका नेम धरता येत नसे. पायाशी वळवळणारा किडा तिला गोळीने टिपता येत नसे. नव्या खेळात ती वाकते, तिरका नेम धरते, कड्याला लटकून वर चढते. पूर्वी एक किरण घेतला की दुसरा सोडावा लागे. आता त्यांची शक्ती एकवटते. प्रगती नोंदवण्यासाठी जागोजागी स्वतंत्र खोल्या आल्या.

हातातल्या यंत्राचा पडदाही विचारात घ्यावा लागला. फॅमिकॉमचे चित्र २५६ बाय २४० बिंदूंचे, तर गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे २४० बाय १६० चे. रुंदी जवळपास तेवढीच, पण उंची एक तृतीयांशाने कमी. जुन्या उंच खोल्या तशाच ठेवल्या असत्या तर वरचा शत्रू आणि खालचा खड्डा दोन्ही दृष्टीआड झाले असते. म्हणून ब्रिन्स्टार, नॉरफेअर ही जुन्या प्रदेशांची नावे आणि ओळखीच्या खुणा राखून आतील रचना नव्याने आखली गेली. आठ मेगाबाइटच्या काडतुसात प्रत्येक भागाला स्वतःचा रंग आणि पोत देणे शक्य झाले. क्रेड आणि रिडली हे जुने महाशत्रू आकाराने वाढले.

हे सारे बदल यंत्राच्या मर्यादा दूर करणारे होते. त्यांच्याविषयी फारसा वाद संभवत नाही. वाद होता तो नकाशाचा.

वाट दाखवण्याची किंमत

‘झिरो मिशन’मध्ये नकाशा आहे. शिवाय चोझो या प्राचीन पक्षिवंशाचे पुतळे त्यावर पुढील मुक्काम खूण करून दाखवतात. त्यामुळे नवखा माणूस अडत नाही आणि काही तासांत खेळ पूर्ण करतो. पण मूळ खेळातील भय हरवण्यातूनच येत होते. आपण कुठे आहोत हे ठाऊक नसणे आणि विचारायला कोणी नसणे, हाच त्याचा अनुभव होता. पुढचा मुक्काम दाखवला की भुयार उरते, पण अज्ञात उरत नाही.

या हानीची भरपाई निर्मात्यांनी दोन प्रकारे केली. पुतळ्याने दाखवलेली वाट ही एकमेव वाट ठेवलेली नाही, ही पहिली. भिंतींत दडवलेल्या फटी आणि भिंतीवर पाय रोवून मारायच्या उड्या यांच्या आधारे जाणकार खेळाडू ठरलेला क्रम मोडू शकतो. क्रेडच्या आधी रिडलीला गाठू शकतो. १५ टक्के किंवा त्याहून कमी साधने गोळा करून खेळ संपवणाऱ्यासाठी स्वतंत्र शेवटही ठेवला आहे. सूचना न पाळणाऱ्याचे असे उघड स्वागत करणारा खेळ विरळाच.

दुसरी भरपाई कथेतून येते. १९८६ च्या खेळात चिलखतातील योद्धा कोण हे अखेरपर्यंत गुप्त होते. इंग्रजी माहितीपुस्तिकेत तर त्याच्यासाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरलेले होते. खेळ पाच तासांच्या आत संपवणाऱ्यासमोर शिरस्त्राण उतरे आणि ती स्त्री असल्याचे कळे. २००४ पर्यंत हे गुपित सर्वश्रुत झाले होते; तोच धक्का पुन्हा देणे अशक्य होते.

म्हणून ‘झिरो मिशन’ने ते गुपित गुपित न ठेवता त्याचा खेळातच उपयोग केला. मदर ब्रेनच्या पराभवानंतर मूळ खेळ संपत असे. इथे सेमस ग्रह सोडून निघते, तोच चाचे तिचे यान पाडतात. चिलखत गमावलेली सेमस हाती केवळ एक लहान पिस्तूल घेऊन शत्रूच्या जहाजात शिरते. त्या पिस्तुलाने शत्रू क्षणभर बधिर होतो, मरत नाही. इतका वेळ शत्रूंचा फडशा पाडणाऱ्या खेळाडूला आता अरुंद पोकळ्यांतून सरपटावे लागते, लपावे लागते, दिसलो तर पळावे लागते. नकाशामुळे ओसरलेले भय इथे दुप्पट वेगाने परत येते. पुढे चोझोंच्या पुरातन अवशेषांत एका कसोटीला उतरून ती नवे चिलखत मिळवते. जिच्या स्त्री असण्याचा एकेकाळी केवळ बक्षीस म्हणून क्षणभर उलगडा होई, तिच्यासोबत चिलखताविना काढलेला हा काळच खेळाचा सर्वांत ताणलेला भाग ठरतो.

मूळ कृतीचा मान

‘झिरो मिशन’ एकदा पूर्ण केला की त्याच काडतुसात दडलेला १९८६ चा मूळ खेळ खुला होतो. नवी कृती जुनीची जागा घेत नाही, तिच्या शेजारी बसते. नवा खेळ संपवून जुन्याकडे वळणाऱ्याला कोणत्या अडचणी अनावश्यक होत्या हे क्षणात कळते आणि नकाशाविना भटकताना काय गमावले होते हेही उमगते.

हाच मार्ग पुढेही वापरला गेला. १९९१ च्या ‘मेट्रॉइड २’ची पुनर्निर्मिती २०१७ मध्ये ‘सेमस रिटर्न्स’ या नावाने निन्टेंडो ३डीएस या हातातल्याच यंत्रासाठी झाली. ‘झिरो मिशन’ २०२४ मध्ये निन्टेंडोच्या ‘स्विच’ यंत्राच्या सभासदांसाठी उपलब्ध करून देण्यात आला. वीस वर्षांपूर्वी ‘नवा’ म्हणून आलेला हा खेळ आता स्वतःच जुना झाला आहे. पण तो खेळताना माहितीपुस्तिका शोधावी लागत नाही की कागदावर २४ अक्षरे उतरवावी लागत नाहीत. पुनर्निर्मितीने यंत्राच्या मर्यादा तेवढ्या बाजूला काढल्या, याचाच हा पुरावा.