आधी सगळं बाहेर

लखनौत मे महिन्यात लू सुटते. पारा चाळिशी ओलांडतो आणि दिवसभर ढसाढसा पाणी पिऊनही लघवी जेमतेम होते, तीही गर्द पिवळी. हा हिशेब ठेवणारी मूत्रपिंडं जेमतेम दीडशे-दीडशे ग्रॅमची, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे वळतो.

प्रत्येकात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता. रक्त आत आणणाऱ्या धमनिकेपेक्षा बाहेर नेणारी अरुंद, त्यामुळे आत दाब चढतो आणि पाणी भिंतीतून बाहेर पडतं. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पोडोसाइट पेशी एकमेकींच्या पायांत पाय गुंतवून बसलेल्या. मधल्या फटी किती बारीक? एका मिलिमीटरचे लाख भाग करा, त्यातले तीन-चार. रक्तपेशी अडतात, अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनंही जवळजवळ सगळी अडतात. बाकी सारं सुटतं: दिवसाला १८० लिटर!

अंगात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, असतो तीनेक लिटर. म्हणजे तोच दिवसातून साठ वेळा गाळला जातो. मला थक्क करते ती पुढची रीत. मूत्रपिंड घाण शोधत बसत नाही. दिवाळीच्या साफसफाईत घरातलं सगळं अंगणात काढून हवं तेवढंच आत न्यावं, तसं हे काम. रोज दीड किलोच्या आसपास मीठ बाहेर पडतं, बहुतेक सगळं परत घेतलं जातं. मलिहाबादचा दशहरी आंबा खाल्लात? निरोगी माणसाच्या लघवीत त्याची साखर जवळपास उतरत नाही. लू चालू असेल तर मेंदूकडून संप्रेरक येतं आणि पाणीही शेवटच्या नळ्यांतून परत खेचलं जातं. उरतो अर्धा-एक लिटर. या रीतीमुळे कधी न पाहिलेलं रसायनही ओळखावं लागत नाही. परत घेतलं नाही की गेलं.

हे यंत्राला साधत नाही.  लखनौच्या संजय गांधी पीजीआय रुग्णालयात काय किंवा पुण्यात काय, डायलिसिसचं मशीन वेचून परत देत नाही. म्हणून रक्तातलं मीठ टिकावं यासाठी मशीनमधल्या पडद्यापलीकडच्या द्रावणात ते आधीच मोजून घालावं लागतं. आणि डायलिसिस होतं तेही साधारण आठवड्यातून तीनदा, चार-चार तास.

पोडोसाइट एकदा गेल्या की सहसा भरून निघत नाहीत, आणि मूत्रपिंडाच्या तपासणीत पाहिलं जाणारं रक्तातलं क्रिएटिनिन बरंच नुकसान होईपर्यंत गप्प राहू शकतं. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर फटींतून निसटून लघवीत आलेलं अल्ब्युमिनही वर्षातून एकदा तपासून घ्या.