ट्रक सिम्युलेटरमधील खऱ्या शहरांची व रस्त्यांची पुनर्निर्मिती

ट्रक सिम्युलेटर हा मालवाहू ट्रक चालविण्याचा अनुभव देणारा संगणकीय खेळ आहे. या प्रकारातील अनेक खेळांत काल्पनिक प्रदेशाऐवजी प्रत्यक्ष अस्तित्वात असलेली शहरे, महामार्ग, पूल आणि बंदरे उभी केलेली असतात. चेक प्रजासत्ताकातील प्राग येथील एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीचे 'युरो ट्रक सिम्युलेटर २' (२०१२) आणि 'अमेरिकन ट्रक सिम्युलेटर' (२०१६) हे दोन खेळ या प्रकारातील विशेष प्रसिद्ध होत. त्यांतील प्रदेश खरे असले, तरी त्यांची मोजमापे खरी नसतात. संपूर्ण खंड लहान करताना काय ठेवावे आणि काय वगळावे, हा या पुनर्निर्मितीतील मूळ प्रश्न आहे.

नकाशाचे प्रमाण

'युरो ट्रक सिम्युलेटर २' मधील बहुतेक युरोप १:१९ या प्रमाणात आहे. ब्रिटनसाठी हे प्रमाण १:१५ ठेवलेले आहे. प्राग ते ब्रनो हे सुमारे २०० कि.मी.चे अंतर १:१९ या प्रमाणात साधारण साडेदहा कि.मी. भरते. ताशी ८० कि.मी. वेगाने ते पार करण्यास खेळाडूला सुमारे आठ मिनिटे लागतात. खेळातील घड्याळ मात्र शहराबाहेर सुमारे १९ पट वेगाने धावते. त्यामुळे प्रवासाअखेर घड्याळात सुमारे अडीच तास उलटलेले दिसतात आणि प्रत्यक्ष प्रवासालाही त्या वेगाने तेवढाच वेळ लागेल. शहरात शिरल्यावर घड्याळाची गती बरीच मंदावते.

'अमेरिकन ट्रक सिम्युलेटर' प्रथम १:३५ या प्रमाणात प्रसिद्ध झाला होता. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हे सुमारे ६१५ कि.मी.चे अंतर त्यात अवघे साडेसतरा कि.मी. भरे. २०१६ च्या अखेरीस प्रमाण १:२० करण्यात आले आणि तेच अंतर सुमारे ३१ कि.मी. झाले. वाढलेल्या लांबीमुळे गावांमधील मोकळा प्रदेश दाखविण्यास जागा मिळाली.

लांबी आणि रुंदी यांतील विसंगती

कागदावरील नकाशात सर्व वस्तू एकाच प्रमाणात लहान होतात. सिम्युलेटरमध्ये तसे करता येत नाही. कारण ट्रक पूर्ण आकाराचा असतो. १६.५ मीटर लांबीचा ट्रक व ट्रेलर वळविण्यासाठी रस्त्याची रुंदी, वळणाची त्रिज्या आणि पुलाची उंची प्रत्यक्षाएवढीच ठेवावी लागते. लहान होते ती केवळ दोन ठिकाणांमधील लांबी.

याचे परिणाम दूरवर पोहोचतात. महामार्गावरील एखादा इंटरचेंज एक कि.मी. जागा व्यापत असेल, तर पूर्ण आकारात बांधल्यास तो १९ कि.मी. भूप्रदेशाची जागा खातो. त्या पट्ट्यातील इतर गावे, फाटे व नाके यांना मग जागाच उरत नाही. पॅरिसभोवतीचा 'बुलव्हार्ड पेरिफेरिक' हा वळसामार्ग सुमारे ३५ कि.मी. लांब आहे. १:१९ या प्रमाणात त्याचा घेर सुमारे १.८ कि.मी. आणि व्यास ६०० मीटरांहूनही कमी होईल. एवढ्या वर्तुळात पॅरिस मावणे शक्य नाही. म्हणून शहराची प्रतिकृती न करता त्याचा एखादाच भाग निवडला जातो. बहुधा तो ट्रकचालकाशी संबंधित असा गोदामे, बंदर, औद्योगिक वसाहत व जोडरस्ते यांचा असतो. ओळखीची वास्तू अनेकदा दूर, क्षितिजावर दिसेल अशी ठेवली जाते.

भूगोलात या निवडीला 'सामान्यीकरण' म्हणतात. शालेय नकाशात लहान ओढे गाळून मुख्य नदी ठेवतात, त्याच जातीची ही क्रिया आहे.

निर्मितीची पद्धत

रचनाकार प्रथम उपग्रह छायाचित्रे, रस्त्यांवरून घेतलेली छायाचित्रे व नकाशे अभ्यासतात. त्यानंतर नकाशा-संपादक आज्ञावलीत रस्ते बिंदूंना जोडणाऱ्या वक्ररेषांच्या रूपात आखले जातात. चौक व इंटरचेंज हे वेगळे घटक असतात. कोणत्या मार्गिकेतून कोठे वळता येते, सिग्नल कसे चालतात आणि अन्य वाहनांनी कोणास वाट द्यावी, हे नियम त्यांतच बसविलेले असतात. शेवटी भूरूप, वनस्पती, इमारती व दिशादर्शक फलक यांची भर पडते.

ठिकाण ओळखू येण्यात या शेवटच्या थराचा वाटा मोठा असतो. ब्रिटनमध्ये वाहने डावीकडून चालतात, बल्गेरियातील फलकांवर सिरिलिक लिपी दिसते, कॅन्ससमध्ये धान्याची उंच कोठारे सपाट क्षितिजावर उभी असतात. अंतर चुकीचे असूनही प्रदेश खरा वाटतो, तो अशा खुणांमुळे. ट्रकच्या अनेक कंपन्यांची नावे परवान्याने खरी वापरली जातात. माल पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या बहुतेक कंपन्या मात्र काल्पनिक असतात.

विस्तार आणि पुनर्बांधणी

नवे प्रदेश स्वतंत्र विस्तारांच्या रूपाने येतात. युरोपीय खेळात स्कँडिनेव्हिया (२०१५), फ्रान्स (२०१६), इटली (२०१७), आयबेरिया (२०२१) व पश्चिम बाल्कन (२०२३) हे काही प्रमुख विस्तार होत. अमेरिकी खेळाचा आरंभ कॅलिफोर्निया व नेवाडा या राज्यांपासून झाला. पुढे ओरेगन (२०१८), टेक्सास (२०२२) इत्यादी राज्ये जोडली गेली.

आरंभीच्या नकाशांत अनेक शहरे एकसारख्या ठशाची होती. तंत्र सुधारल्यावर जर्मनी, ऑस्ट्रिया व कॅलिफोर्निया येथील जुने भाग टप्प्याटप्प्याने नव्याने बांधण्यात आले. समकालीन घटनांचाही नकाशावर परिणाम होतो. युक्रेनमधील युद्धाच्या पार्श्वभूमीवर, तयार होत असलेला रशियाचा विस्तार नजीकच्या काळात प्रसिद्ध न करण्याचा निर्णय कंपनीने मे २०२२ मध्ये जाहीर केला.

स्वयंसेवकांचे नकाशे

कंपनीने न घेतलेले प्रदेश खेळाडू स्वतःही तयार करतात. अशा जोडणीस 'मॉड' म्हणतात. युरोपीय खेळासाठीचा 'प्रोमॉड्स' हा विविध देशांतील स्वयंसेवकांनी घडविलेला नकाशा असून त्यात आइसलँडसारखे प्रदेश आहेत. अमेरिकी खेळासाठी 'कोस्ट टू कोस्ट' हा नकाशा प्रसिद्ध आहे. रचनाकार त्या भागातील रहिवासी असेल, तर छायाचित्रांत न सापडणारे बारकावे नकाशात उतरू शकतात.

मर्यादा

या नकाशांवरून देशांची सापेक्ष स्थिती, महामार्गांचे क्रमांक, शहरांचा क्रम, भूप्रदेशाचे स्वरूप आणि वाहतुकीच्या पद्धती यांची सर्वसाधारण ओळख होऊ शकते. परंतु अंतर मोजण्यासाठी, गावांची यादी करण्यासाठी अथवा प्रत्यक्ष मार्ग ठरविण्यासाठी ते विश्वसनीय नाहीत. एखादे शहर नकाशात नसणे हा त्याच्या लहानपणाचा पुरावा ठरत नाही. अनेकदा शेजारचे शहर आधी बांधले गेल्यामुळे त्यास जागा उरलेली नसते.