म्यूट कुणी व्हायचं?

१५ नोव्हेंबर २००२ रोजी मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ सुरू केलं. सुमारे ५० डॉलरच्या खोक्यात वर्षभराचं सदस्यत्व आणि तोंडासमोर छोटा माइक येणारा हेडसेट मिळत असे. कन्सोलवर बोलत खेळण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. सेगाच्या ड्रीमकास्टवर २००१ साली ‘एलियन फ्रंट ऑनलाइन’ माइकसह आला होता. सोनीने तीनच महिने आधी, ऑगस्ट २००२ मध्ये, प्लेस्टेशन २ वरच्या ‘सोकॉम’बरोबर हेडसेट दिला होता. पण ते त्या त्या खेळापुरतं होतं. एक्सबॉक्स लाइव्हने बोलणं हा सगळ्या सेवेचाच पाया धरला. ब्रॉडबँड हवंच, आणि हेडसेट खोक्यातच. दूरच्या शहरातल्या, कधी न भेटलेल्या माणसाशी दिवाणखान्यात बसून गप्पा मारत खेळता येणं ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती, आणि पुढे जे काही झालं त्याचा हिशेब मांडताना तो आनंद विसरता कामा नये.

त्या पहिल्या सेवेत एक सोय होती, तिची आठवण आज फारशी निघत नाही. आवाजाला मुखवटा चढवता येत असे. सेटिंगमध्ये जाऊन आपला आवाज यंत्रमानवासारखा किंवा लहान मुलासारखा करून घ्यायचा. वरवर पाहता गंमत, पण मला ती फार दूरदृष्टीची वाटते. टोपणनावामागे नाव लपतं, आवाज लपत नाही. बोलणारी बाई आहे की पुरुष, वय साधारण किती, कुठल्या भागातली किंवा समाजातली व्यक्ती आहे, याचा अंदाज ऐकणारा दोन वाक्यांत बांधतो. २००५ साली एक्सबॉक्स ३६० आला, त्यात हे मुखवटे राहिले नाहीत. खेळाडूच्या स्वतःच्या हातातलं एक साधन गेलं.

९ नोव्हेंबर २००४ रोजी ‘हेलो २’ हा खेळ आला आणि कन्सोलवरच्या गप्पांना खरी गर्दी मिळाली. सामना सुरू होण्याआधी आणि संपल्यावर सगळे एका लॉबीत. सामन्यात शत्रू जवळ आला की त्याचा आवाज ऐकू यायचा, दूर गेला की विरायचा. त्या लॉब्यांमध्ये मैत्र्या जुळल्या, संघ उभे राहिले. आणि त्याच लॉब्यांमध्ये वंशावरून शिव्या, बलात्काराच्या धमक्या, लहान मुलांच्या कानावर पडू नये असं सगळं रोज पडत राहिलं. त्यावर उपाय दोन होते. त्या माणसाला म्यूट करायचं, किंवा त्याच्याविरुद्ध तक्रार नोंदवायची. लेखी संदेश असेल तर तो दाखवता येतो. बोललेलं मात्र बोलताक्षणी संपलेलं असायचं. तक्रार करणारीकडे दाखवायला काहीच नसे, आणि नेमकं हेच शिव्या देणाऱ्याला पक्कं ठाऊक असे.

हे सगळं ‘खेळात चालायचंच’ म्हणून उडवून लावलं जात होतं, तेव्हा ओहायो विद्यापीठातल्या जेफ्री कुझ्नेकॉफ आणि लिंडसे रोझ यांनी एक साधा प्रयोग केला. ‘हेलो ३’च्या सामन्यांत त्यांनी आधीच ध्वनिमुद्रित केलेली, अगदी निरुपद्रवी वाक्यं वाजवली. काही सामन्यांत पुरुषाच्या आवाजात, काहींत बाईच्या आवाजात, काहींत काहीच न बोलता. वाक्यं तीच, खेळ तोच. बाईच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजाच्या किंवा मौनाच्या सुमारे तिप्पट नकारात्मक प्रतिक्रिया मिळाल्या. २०१५ साली मायकेल कासुमोविक आणि कुझ्नेकॉफ यांनी याच खेळावरचा आणखी एक अभ्यास ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध केला. बाईच्या आवाजावर जास्त तुटून पडणारे खेळाडू हे खेळात कमी कौशल्य असलेले होते, असं त्यात दिसलं. किशॉना ग्रे यांनी एक्सबॉक्स लाइव्हवर कृष्णवर्णीय खेळाडूंमध्ये राहून संशोधन केलं. उच्चाराची ढब ऐकताच माणूस ओळखला जातो आणि छळ सुरू होतो, हे त्यांनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडलं. त्याच सुमारास काही खेळाडू स्त्रिया आपल्याला आलेले संदेश आणि ध्वनिमुद्रणं स्वतः गोळा करून जगापुढे ठेवू लागल्या होत्या. पुरावा जमवण्याचं काम कंपनीचं असायला हवं होतं. ते ज्यांना त्रास झाला त्यांनाच करावं लागलं.

या काळात व्हॉइस चॅटवर देखरेख नव्हती असं म्हणतात, ते मला मान्य नाही. देखरेख होती. ती शिव्या खाणाऱ्यांनी स्वतःवर ठेवलेली होती. बायकांनी माइक काढून ठेवले, मुलींनी तोंड न उघडता खेळायची सवय लावून घेतली, वेगळ्या ढबीने इंग्रजी बोलणारे गप्प राहिले. लॉबी ‘मोकळी’ राहिली ती या लोकांच्या गप्प बसण्यावर. आजही आवाजाच्या ध्वनिमुद्रणाचा विषय निघाला की खासगीपणाची जी बाजू मांडली जाते, तिच्यात हे मौन मोजलेलं नसतं.

२००८ च्या अखेरीस एक्सबॉक्स ३६० वर ‘पार्टी’ आली. आपल्या ओळखीच्या मोजक्या लोकांची वेगळी खोली, कुणी कोणताही खेळ खेळत असो. प्लेस्टेशनवर ही सोय पीएस४ बरोबर २०१३ साली आली. ज्यांना शक्य होतं ते त्या खोल्यांत निघून गेले. उरलेल्या लॉबीची अवस्था त्याने सुधारली नाही.

खासगीपणाची भीती मात्र पोकळ नव्हती, आणि ती खेळाडूंनी ओढूनताणून आणलेलीही नव्हती. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला. किनेक्ट नावाचा कॅमेरा-माइक त्याला कायम जोडलेला असणं सक्तीचं होतं. ‘एक्सबॉक्स ऑन’ असं म्हटलं की यंत्र जागं व्हायचं, म्हणजे झोपेतही ते ऐकत राहणार. जर्मनीचे तेव्हाचे डेटा संरक्षण आयुक्त पीटर शार यांनी त्यावर उघड चिंता व्यक्त केली. पुढच्याच महिन्यात अमेरिकी गुप्तहेर संस्थांच्या पाळतीबद्दल एडवर्ड स्नोडेन यांनी फोडलेली कागदपत्रं बाहेर आली. ऑगस्टपर्यंत मायक्रोसॉफ्टने किनेक्टची सक्ती मागे घेतली. डिसेंबर २०१३ मध्ये त्याच कागदपत्रांतून कळलं, की अमेरिकी आणि ब्रिटिश गुप्तहेर संस्थांनी एक्सबॉक्स लाइव्हसारख्या खेळांच्या जाळ्यांवरही नजर ठेवली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये आणखी एक बातमी आली. किनेक्ट आणि कोर्टाना या आवाजी मदतनिसाच्या आज्ञा सुधारण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे कंत्राटी कर्मचारी एक्सबॉक्सवरची ध्वनिमुद्रणं ऐकत होते, आणि यंत्र चुकून जागं झाल्यामुळे टिपलेले घरातले आवाजही त्यांत होते. काही आवाज लहान मुलांचे होते. असं घडून गेल्यावर ‘आम्ही फक्त सुरक्षिततेसाठी ऐकतो’ या वाक्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा?

म्हणून ऑक्टोबर २०२० मध्ये जे घडलं त्याचं आश्चर्य वाटत नाही. पीएस४ चं ८.०० हे अपडेट आलं आणि पार्टीत शिरताना एक सूचना दिसू लागली. तुमचं बोलणं ध्वनिमुद्रित होऊन देखरेखीसाठी सोनीकडे जाऊ शकतं, अशी. गदारोळ झाला. एक-दोन दिवसांतच सोनीला खुलासा करावा लागला. ध्वनिमुद्रणाची सोय नोव्हेंबरात येणाऱ्या पीएस५ साठी होती, पण पीएस४ वाले पीएस५ वाल्यांशी बोलणार म्हणून सूचना सर्वांना. पद्धत अशी होती, की पीएस५ शेवटच्या पाच मिनिटांचं बोलणं धरून ठेवतो, नवं येत जातं तसं जुनं पुसलं जातं. कुणी छळ केला तर ऐकणाऱ्याने त्यातला जास्तीत जास्त ४० सेकंदांचा तुकडा निवडायचा, मुख्य २० सेकंद आणि मागचेपुढचे दहा-दहा, आणि तक्रारीसोबत पाठवायचा. सोनी सतत कान लावून बसलेली नव्हती. यातून बाहेर पडण्याचा पर्याय मात्र दिला गेला नाही.

सूचनेची भाषा आणि वेळ दोन्ही चुकले, यात शंका नाही. पण त्या गदारोळात एक महत्त्वाची गोष्ट झाकली गेली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच बोललेल्या शब्दाचा पुरावा, तो ज्याच्या कानावर पडला त्याच्या हातात आयता आला होता. पाठवायचं की नाही हे कंपनी ठरवत नव्हती, ऐकणारी व्यक्ती ठरवत होती. मला हा सगळ्या प्रवासातला सर्वांत न्याय्य टप्पा वाटतो, आणि नंतरच्या प्रत्येक व्यवस्थेला मी याच मापाने मोजते.

दुसरं माप ‘आधीपासून काय चालू असतं’ याचं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सशी एकूण ५२ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. त्यातले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या खासगीपणाच्या कायद्याचा भंग केल्याबद्दलचे होते. या खेळात मुलांचं व्हॉइस चॅट आपोआप चालू असायचं आणि ती थेट अनोळखी लोकांशी जोडली जात. आयोगाच्या म्हणण्यानुसार, हे बदला असं कंपनीतलेच कर्मचारी २०१७ पासून सांगत होते. आदेशानंतर मुलांचं आणि किशोरांचं चॅट मुळात बंद ठेवणं बंधनकारक झालं. अब्जावधी शब्द ऐकणारी यंत्रं उभी करण्याआधी एक स्विच बंद ठेवला असता तर किती मुलं वाचली असती! २०२३ च्या नोव्हेंबरात फोर्टनाइटमध्येही पाच मिनिटांची ध्वनिमुद्रण-तक्रार व्यवस्था आली. १८ वर्षांखालच्यांसाठी ती कायम चालू, मोठ्यांना शक्य तिथे बंद ठेवण्याची मुभा.

त्याच वर्षी दोन वाटा स्पष्टपणे फुटल्या. जुलै २०२३ मध्ये एक्सबॉक्सने ६० सेकंदांची क्लिप टिपण्याची सोय आणली. क्लिप २४ तास कन्सोलवर राहते, तेवढ्यात तक्रार केली नाही तर जाते. सामना चालू असतानाच फॉर्म भरत बसावं लागत नाही, टिपून ठेवायचं आणि शांतपणे नंतर ठरवायचं. हे ज्याने कुणी सुचवलं त्याला छळ होत असतानाची मनःस्थिती कळलेली होती. मायक्रोसॉफ्टने नंतर सांगितलं, की या तक्रारींवरून ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांतल्या ९८ टक्क्यांवर पुन्हा कारवाईची वेळ आली नाही. आकडा कंपनीचाच आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचायचा.

दुसरी वाट ‘कॉल ऑफ ड्यूटी’ बनवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजनची. ३० ऑगस्ट २०२३ पासून या खेळात मॉड्युलेट या कंपनीचं टॉक्समॉड हे सॉफ्टवेअर बसवलं गेलं. इथे तक्रारीची वाट पाहिली जात नाही, यंत्र चालू संभाषणातूनच आक्षेपार्ह बोलणं वेचून अ‍ॅक्टिव्हिजनकडे पाठवतं, कारवाईचा निर्णय अ‍ॅक्टिव्हिजन घेते. ज्याला नको असेल त्याने व्हॉइस चॅट बंद करायचं. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने सांगितलं, की या व्यवस्थेमुळे २० लाखांहून अधिक खात्यांवर कारवाई झाली आणि अशा बोलण्याची तक्रार पाचांतला एकच खेळाडू करतो. हा दुसरा आकडा माझ्या मताला अडचणीचा आहे आणि मी तो टाळणार नाही. पाचांतले चार जण ऐकलेलं गिळून टाकत असतील, तर सगळं त्यांच्या हातावर सोडणं म्हणजे पुन्हा त्याच मौनावर विसंबणं. तरीही सगळ्यांचं सगळं ऐकणाऱ्या यंत्राला होकार द्यायला मन धजत नाही. किनेक्टची ध्वनिमुद्रणं कुठपर्यंत पोचली होती ते आपण पाहिलं आहे. अनोळखी लोकांच्या लॉबीत असं यंत्र एक वेळ मान्य करता येईल, तिथे कुणी गुपितं सांगायला जात नाही. चार मित्रांच्या पार्टीत ते शिरता कामा नये.

इथे थोडं थांबून दुसऱ्याच एका कायद्याचा उल्लेख करायला हवा. अमेरिकेतल्या २०१० च्या सुलभता कायद्यातून व्हिडिओ गेमना मिळालेली सवलत २०१८ च्या अखेरीस संपली. त्यानंतर चॅट कर्णबधिरांनाही वापरता यावं ही कायदेशीर जबाबदारी झाली आणि कन्सोलवर बोलण्याचं लेखन करून दाखवणाऱ्या सोयी आल्या. बोलणं शब्दांत उतरवणारं यंत्र कुणाला संभाषणात आणण्यासाठीही राबू शकतं, हे या वादात आठवणीत ठेवावंसं वाटतं.

निन्टेन्डोने वर्षानुवर्षं हा प्रश्नच टाळला. २०१७ च्या स्विचवर बोलायचं तर सहसा मोबाइलवर वेगळं अ‍ॅप घ्यावं लागे. जून २०२५ च्या स्विच २ वर अखेर ‘गेमचॅट’ आलं, तेही बंदोबस्तात. फोन नंबरची पडताळणी हवी, बोलणं फक्त मित्रयादीतल्यांशी, १६ वर्षांखालच्यांना पालकांची परवानगी. मुलांसाठी हे योग्यच आहे. पण २००२ च्या त्या खोक्याने अनोळखी माणसाशी बोलण्याचं जे दार उघडलं होतं, ते इथे उघडतच नाही.

आता आपल्याकडचं, भारतातलं. पीएस५ इथे फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. एक्सबॉक्सची ६० सेकंदांची क्लिप सुरुवातीला अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड एवढ्यापुरतीच होती. टॉक्समॉड नोव्हेंबर २०२३ मध्ये जगभर गेलं तेव्हा आशिया वगळला होता, आणि त्याची सुरुवात इंग्रजीपासून होती. पुण्यातली मुलगी मराठी-हिंदी मिसळून शिव्या ऐकत असेल, तर तिच्यासाठी या व्यवस्था बनवलेल्याच नव्हत्या. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे, पालकांची पडताळलेली संमती लागते आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. मुलांच्या संरक्षणासाठी त्यांचं बोलणं ऐकणं ही पाळत धरायची की नाही, हे आत्ताच, कंपन्यांच्या सोयीने ठरण्याआधी स्पष्ट करून घ्यायला हवं. माझ्या मागण्या मोजक्या आहेत. मुलांचा माइक आपोआप चालू नसावा. क्लिप मुलांच्याच यंत्रावर राहावी. तक्रार ऐकणाऱ्याला मराठी समजावी, आणि कोणत्या भाषेतल्या किती तक्रारींवर काय कारवाई झाली हे कंपन्यांनी दर वर्षी भाषावार छापावं.