फवारणीच्या पंपातला स्टिकर खडकात उतरतो तेव्हा

सोयाबीनवर फवारणी असली की औसा तालुक्यात औषधाबरोबर पंपात झाकणभर ‘स्टिकर’ पडतोच. तो नसेल तर लवदार पानावर थेंब गोल होऊन बसतो आणि झुळूक आली की घरंगळून मातीत जातो. स्टिकर असेल तर तोच थेंब पसरट होतो, पान भिजवतो. ही सर्फॅक्टंटची करामत. याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. साबण, शाम्पू, भांडी घासायचं लिक्विड, सगळी एकाच घराण्यातली मंडळी. याच घराण्यातले काही खास सदस्य जमिनीखाली शेकडो मीटर उतरून खडकात अडकलेलं खनिज तेल सोडवून आणतात!

तेलाचं खाली तळं वगैरे नसतं. ते खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. विहीर पाडली की काही तेल आपल्या दाबानं वर येतं. दाब ओसरला की पाणी सोडून आणखी थोडं ढकलतात. एवढं करूनही बहुतेक क्षेत्रांत निम्म्याहून जास्त तेल खालीच राहतं! छिद्राच्या चिंचोळ्या तोंडातून निघायचं तर थेंबाला लांबट व्हावं लागतं, आणि पाणी-तेलाच्या सीमेवरचा ताण त्याला तसं होऊ देत नाही. हा ताण थोडाथोडका नाही, हजारो पटींनी उतरवावा लागतो. घरातल्या साबणाच्या आवाक्यातलं हे काम नव्हे.

योग्य सर्फॅक्टंट कसा निवडतात, तो प्रयोग तर बघत राहावा असा. काचेच्या बारीक नळ्यांची रांग. प्रत्येकीत तेच तेल, तोच सर्फॅक्टंट, फक्त पाण्यातलं मीठ नळीगणिक वाढतं. हलवायचं, खालच्या खडकाइतक्या उष्णतेत ठेवायचं आणि वाट पाहायची. एखाद्या नळीत पाणी आणि तेल यांच्यामध्ये तिसराच थर उभा राहतो. त्या थरात दोघंही सारखेच सामावले, की समजायचं मिठाचं गणित जमलं.

काही तेलांत मुळातच आम्लं असतात. तिथं सोड्यासारखा अल्कली सोडला की खडकाच्या पोटातच साबण तयार होतो! जोडीला पॉलिमर घालून पाणी दाट करतात, म्हणजे ते तेलाला वळसा घालून पळत नाही, मागून रेटत राहतं. अल्कली, सर्फॅक्टंट आणि पॉलिमर या त्रिकुटाचा प्रयोग ओएनजीसीनं अहमदाबादजवळच्या विराज क्षेत्रात २००२मध्ये सुरू केला. राजस्थानात बाडमेरच्या मंगला क्षेत्रातही (तेल सापडलं २००४मध्ये) तो करून पाहिला गेला. मंगलाचं तेल इतकं मेणचट की साध्या तापमानाला थिजतं, म्हणून ते गरम ठेवलेल्या पाइपलाइननं गुजरातला जातं.

मग महाराष्ट्राच्या दारातल्या मुंबई हायचं काय? समुद्रात विहीर पाडणाऱ्या ‘सागर सम्राट’ या रिगनं १९७४मध्ये तिथं तेल शोधलं, १९७६पासून ते निघू लागलं. एक रुपयाची नोट उलटी करून पाहा, सागर सम्राटच दिसेल. पण इथला मुख्य तेलखडक चुनखडीचा, तोही चांगलाच तापलेला. नेहमीचे ऋणभारित सर्फॅक्टंट चुनखडीला चिकटून बसतात, कॅल्शियमशी गाठ पडली की साका होऊन तळाशी जातात. तेलापर्यंत पोचायच्या आतच माल खलास! देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. म्हणून मला हा चुनखडीचा पेच सुटणं फार मोलाचं वाटतं.

खुद्द औशाच्या पोटात काय आहे, हे भूकंपानंतर नीट कळलं. ३० सप्टेंबर १९९३च्या हाहाकारानंतर याच तालुक्यातल्या किल्लारीत शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल भोक पाडलं. वरचे ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर, मग थेट कोट्यवधी वर्षांपूर्वीचा कठीण खडक. तेल मुरायला जागाच नाही.

सर्फॅक्टंट मात्र इथल्या शिवारात पिकतो. कच्च्या सोयातेलात पाणी घातलं की जो चिकट गाळ वेगळा होतो, त्यातून लेसिथिन मिळतं. चॉकलेटच्या वेष्टनावर हे नाव सापडेल. त्याच्याच कुळातला एक रेणू आपल्या फुप्फुसांत आतून पसरलेला असतो, म्हणून श्वास सोडला तरी फुप्फुसातल्या इवल्या पिशव्या मिटून जात नाहीत. फार लवकर जन्मलेल्या बाळांत तो पुरेसा तयार झालेला नसतो. डॉक्टर तो बाहेरून श्वासनलिकेत सोडतात, आणि बाळ तगतं.

आणि आजीचा रिठा? त्याच्या फेसामागे सॅपोनिन असतं, तेही सर्फॅक्टंटच. कारखान्यातला सर्फॅक्टंट महाग, त्यात बराचसा खडकच गिळतो. स्वस्त आणि जमिनीत सहज कुजून जाणारा पर्याय हवा, म्हणून धनबादच्या आयआयटीतल्या संशोधकांनी रिठ्यापासून सर्फॅक्टंट बनवून तेलासाठी तपासला आहे.