तळ्यातील मरळ : तिची राहणी, तिची शिकार व तिचे रक्षण

शेतकऱ्याच्या शिवारात तळे, बंधारा, शेततळे अथवा नदीचा एखादा डोह असला म्हणजे त्याचे पाणी पिकास व गुरांस मिळतेच. परंतु त्याच पाण्यात मासळीचेही एक पीक उभे असते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. जमिनीवरील रानात जे स्थान वाघाचे, ते या पाण्यात मरळीचे होय. मरळ रुचकर असते, तिच्यात बारीक काटे थोडे असतात, ती बाजारात जिवंत नेता येते व म्हणून तिला भावही चांगला मिळतो, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तथापि ज्या तळ्यांत पूर्वी मरळ मुबलक सापडे, त्यांपैकी कित्येकांत आता ती शोधूनही मिळत नाही, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. या ऱ्हासाची कारणे पुष्कळ अंशी आपल्याच हातची आहेत. यास्तव उपायही आपल्याच हातचे आहेत. ते कसे, हे समजण्यास प्रथम या माशाची राहणी समजून घेतली पाहिजे.

मरळीची ओळख

मरळीचे अंग लांबट व गोलसर, डोके चपटे आणि वरून मोठ्या खवल्यांनी झाकलेले असते. त्यामुळे पुढून पाहिले असता ती सापासारखी भासते. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९३ साली या कुळाचे वर्णन केले, तेव्हा त्याने 'सापाच्या डोक्याचा' अशा अर्थाचेच नाव त्यास दिले. पाठीवर व पोटाखाली लांबच लांब पर, मोठे तोंड व जबड्यांत तीक्ष्ण दात ही तिची मुख्य लक्षणे होत. आपल्या तळ्यांतील नेहमीच्या मरळीची पाठ काळपट हिरवी व पोट पांढुरके असून कुशीवर तिरपे पट्टे असतात. ती बहुधा एक ते दोन फूट लांब सापडते; एखादी तीन फुटांपर्यंतही वाढते. मोठ्या नद्यांत व जलाशयांत हिचीच एक मोठी जात आढळते. तिच्या शेपटीच्या बुडाशी फिकट कडा असलेला डोळ्यासारखा काळा ठिपका असतो. काही ठिकाणी तिला फुलमरळ म्हणतात. ती चार फुटांच्याही वर जाते व तिचे वजन दहा किलोहून अधिक भरू शकते. ओढ्यांत व खाचरांत याच कुळातील वीतभर लांबीच्या लहान जातीही असतात व त्यांना गावोगाव निरनिराळी नावे आहेत.

हवेवर जगणारा मासा

इतर मासे पाण्यात विरघळलेली हवा कल्ल्यांनी घेतात. मरळीला कल्ले आहेत, परंतु तेवढ्यावर तिचे भागत नाही. तिच्या कल्ल्यांच्या वर डोक्यात एक पोकळी असून तीत ती बाहेरची हवा भरून घेते. याकरिता तिला वारंवार पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागते. जाळ्यात गुरफटून ती पाण्याखाली अडकून राहिली, तर मासा असूनही ती गुदमरून मरते, ही गोष्ट अनेकांस नवलाची वाटेल.

या एका गुणावर मरळीचे सर्व जीवन अवलंबून आहे. ज्या गढूळ व कुजक्या पाण्यात रोहू-कटला तोंड वर काढून तडफडतात, तेथे मरळ सुखाने राहते. उन्हाळ्यात तळे आटले तरी ओल्या चिखलात ती काही काळ तग धरते, आणि पावसात ओल्या गवतावरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जाते. बाजारात ती थोड्याशा पाण्यात तासन् तास जिवंत राहते, त्याचेही कारण हेच. उलटपक्षी, श्वासासाठी वर येण्याची ही गरजच तिला शत्रूच्या दृष्टीस पाडते. सकाळच्या शांत पाण्यावर हलकासा आवाज होऊन वर्तुळ उमटले की तेथे मरळ आहे, हे जाणता मासेमार तत्काळ ओळखतो.

विणीचा हंगाम

मरळ पावसाळ्यात विते. पहिल्या पुराबरोबर ती खोल पाणी सोडून काठाच्या उथळ पाण्यात अथवा भाताच्या खाचरांत येते. तेथे पाणवनस्पतींच्या मध्ये नर-मादी मिळून फूटभर व्यासाची वाटोळी जागा मोकळी करतात. पिवळसर रंगाची अंडी या जागी पाण्यावर तरंगत राहतात व एक-दोन दिवसांत फुटतात. पुढे जे घडते ते प्रत्येक शेतकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. अंडी घालून निघून जाणाऱ्या बहुतेक माशांप्रमाणे मरळ आपली प्रजा वाऱ्यावर सोडीत नाही. आईबाप, त्यांतही विशेषतः बाप, घरट्याखाली पहारा देतात. नारिंगी-तांबूस रंगाची पिल्ले पुंजका करून फिरू लागली म्हणजे त्यांच्या खाली राहून ते कित्येक आठवडे त्यांचे रक्षण करतात. जवळ येणाऱ्या मोठ्या माशावर, बेडकावर, प्रसंगी माणसाच्या पायावरही ते धावून जातात.

हीच निष्ठा त्यांच्या जिवावर उठते. तांबड्या पिल्लांचा पुंजका दिसला की खाली मोठी मरळ आहे हे ओळखून लोक तेथेच भाला मारतात किंवा गळ सोडतात. रागावलेली मरळ त्यावर झडप घालते व फसते. यात एक मासा मिळतो खरा; परंतु राखणदार गेल्यावर शेकडो पिल्ले इतर माशांच्या व पक्ष्यांच्या तोंडी पडतात. एका जेवणासाठी पुढील दोन-तीन वर्षांचे पीक बुडविण्याचाच हा प्रकार होय. पेरलेले बी उकरून खाणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही. मग येथे तरी का म्हणावे?

मरळ तळ्याची शत्रू की मित्र?

कटला, रोहू व मृगळ यांचे बीज विकत घेऊन तळ्यात सोडणारे शेतकरी मरळीला चोर समजतात. मत्स्यजिरे अथवा अर्धबोटुकली सोडलेल्या तळ्यात मरळ असेल तर ती बीज फस्त करील, यात संशय नाही. परंतु मरळीला तिच्या तोंडात मावेल तेवढेच भक्ष्य गिळता येते. यास्तव मोठ्या तळ्यात जिरे न सोडता चार इंचांहून मोठी बोटुकली सोडावी, म्हणजे हानी पुष्कळ कमी होते.

बीज वाढविण्याच्या लहान संगोपन-तळ्याची गोष्ट मात्र निराळी. तेथे मरळ असताच कामा नये. ते तळे उन्हाळ्यात कोरडे करणे हा उत्तम मार्ग. ते शक्य नसेल तर मोहाच्या तेलाची पेंड घालण्याची पद्धत आहे. एक हेक्टर क्षेत्राच्या व एक मीटर खोल पाण्यास सुमारे २,५०० किलो पेंड लागते. तिच्यात रिठ्याप्रमाणे फेस देणारे जे द्रव्य आहे ते माशांस मारक असते. सुमारे तीन आठवड्यांत त्याचा प्रभाव ओसरतो व पुढे पेंड खताचे काम करते. हा उपाय स्वतःच्या बंदिस्त संगोपन-तळ्यापुरताच आहे. गावतळ्यात, ओढ्यात वा नदीत तो कदापि करू नये.

मोठ्या तळ्यात मरळ राहू देणे हिताचेही आहे. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया मासा वर्षातून अनेकदा वितो. त्याची संख्या बेसुमार वाढली की सर्वांस अन्न अपुरे पडते व मासे हातभरही न वाढता खुरटे राहतात. अशा माशांची पिल्ले व इतर निरुपयोगी बारीक मासळी खाऊन मरळ तळ्यातील गर्दी विरळ करते. शेतकरी ज्वारीची विरळणी करतो, तेच काम मरळ पाण्यात विनामूल्य करते.

गळाची शिकार

मरळ धरण्याचा निर्दोष मार्ग म्हणजे गळ. जाळे लहानमोठे सर्वच मासे ओढून आणते. गळाने मात्र मासा निवडून घेता येतो व नको तो जिवंत परत सोडता येतो. याकरिता पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

हंगाम : पावसाळा संपून पिल्ले स्वतंत्र झाल्यावर, म्हणजे कार्तिकापासून पुढे, ही शिकार करावी. वेळ पहाटेची अथवा दिवेलागणीची. भर दुपारी मरळ सावलीत निजून असते.

जागा : मरळ भक्ष्याचा लांबवर पाठलाग करीत नाही, पाणवनस्पतींत, बुडालेल्या झाडोऱ्यात अथवा दरडीखाली दबा धरून ती एकदम झेप घेते. म्हणून आमिष खोल व मोकळ्या पाण्यात न टाकता वनस्पतींच्या कडेला पृष्ठभागाजवळ खेळवावे. काठावर पावले वाजवू नयेत व आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये.

आमिष : गांडूळ, झिंगा अथवा लहान मासा पुरे. पूर्वी बेडूक लावण्याची चाल सर्वत्र होती. तथापि मोठ्या बेडकास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि शेतातील किडी खाणारा हा आपला सेवक गळाला लावणे शेतकऱ्यास शोभतही नाही.

साधन : वेळूची ताठ काठी, जाड व मजबूत दोरी आणि मोठा गळ घ्यावा. मरळीने आमिष धरताच हिसका देऊ नये. ते तोंडात नीट जाईपर्यंत क्षणभर थांबावे व मग एका दमात ओढून तिला काठावर घ्यावे. दोरी ढिली पडली तर ती वनस्पतींत शिरून दोरी गुंतविते. गळ काढताना बोटे तोंडात घालू नयेत. डोक्यामागे ओल्या फडक्याने घट्ट धरावे. जिवंत ठेवावयाची तर भांड्यात थोडेच पाणी घालून वर हवेला जागा ठेवावी व तोंड जाळीने बांधावे. नाहीतर ती उडी मारून निघून जाते.

रात्री खुंटीला बांधून ठेवलेले गळ सकाळी मोजून परत काढावेत. गुरांच्या पाणवठ्यावर विसरलेला एक गळ बैलाच्या खुरात किंवा मुलाच्या पायात शिरला तर सर्व मासळीच्या किमतीहून अधिक नुकसान होते.

फूटभराहून लहान मरळ परत सोडावी. तळे ठेक्याने दिलेले असेल तर मत्स्य सहकारी संस्थेची परवानगी आधी घ्यावी.

ऱ्हासाची इतर कारणे

सुरुंगाची दारू व विष यांनी मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच गुन्हा ठरविले आहे. तरीही काही ओढ्यांत व डोहांत हे प्रकार चालतात व अलीकडे विजेच्या तारेचीही त्यांत भर पडली आहे. यांत मोठ्या माशांबरोबर अंडी-पिल्लेही मरतात, आणि तार सोडणाऱ्या माणसाचाही प्राण जाऊ शकतो.

दुसरे कारण रोगाचे. १९८८ साली ईशान्य भारतात दिसलेला व पुढे देशात पसरलेला व्रणरोग मरळीला फार बाधतो. पावसाळ्यानंतर पाणी थंड होऊ लागले की अंगावर तांबडे चट्टे व खोल जखमा दिसतात. असे मासे पाण्यात परत न टाकता दूर पुरावेत, आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या सल्ल्याने तळ्यात प्रमाणशीर चुना घालावा.

तिसरे कारण पाणवनस्पतींच्या नाशाचे. याचे उत्तम उदाहरण पूर्व विदर्भात पाहावयास मिळते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारांच्या काळातील हजारो तलाव आहेत. कोहळी समाजाच्या शेतकऱ्यांनी भात व उसासाठी यांपैकी पुष्कळ तलाव बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली व ते 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून ओळखले जाऊ लागले. या तलावांच्या उथळ काठावर कमळे व नाना प्रकारची पाणगवते असत आणि त्यांत मरळ वीत असे. कित्येक तलावांत बेशरमाच्या झुडपांनी हा काठ व्यापला व मूळची गवते नाहीशी झाली. घरटे करण्यास जागा न उरल्याने देशी मासेही घटले. अलीकडे तेथील ढीवर बंधुभगिनींनी काही तलावांतून बेशरम उपटून, काठ नांगरून, त्यांत देशी पाणवनस्पती पुन्हा लाविल्या आहेत. मासळी वाढविण्यासाठी आधी गवत लावावे लागते, ही त्यांची दृष्टी शेतकऱ्यास चटकन पटण्यासारखी आहे.

सारांश

आषाढापासून आश्विनापर्यंत पिल्लांच्या पुंजक्याखालील मरळ मारू नये; उन्हाळ्यात तळ्याचा शेवटचा डोह उपसून तळाची मासळी काढू नये; काठाची पाणवनस्पती सरसकट खरडून टाकू नये. हे तीन नियम गावाने आपल्या सभेत ठरवून पाळले, तर त्यास पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही व सरकारी मदतीचीही वाट पाहावी लागत नाही. पुढील पावसाळ्यात आपल्या बांधालगतच्या पाण्यात तांबड्या पिल्लांचा पुंजका दिसला तर तो काठी न लावता पुढे जाऊ द्यावा, एवढीच आमच्या शेतकरी बंधूंस विनंती आहे. राखणदार जिवंत राहिला, तर कार्तिकात गळ टाकणाऱ्याचा हात रिकामा राहणार नाही.