चॉकलेट आणि घरांतील लहान कुत्रें

सोलापुरांत पूर्वीं कुत्रें असे तें अंगणांत किंवा शेतावर. शिळ्या भाकरीवर त्याचें पोट भरे. आतां पॉमेरेनियन, पग अशीं लहान कुत्रीं दिवाणखान्यांत मुलांच्या बरोबरीनें वाढतात आणि मुलांचा खाऊ त्यांच्याहि तोंडीं लागतो. त्या खाऊंतील चॉकलेट हें कुत्र्याला विष आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळ घरांत ठाऊक नसते.

चॉकलेट कोकोच्या बियांपासून होतें. त्या बियांत थिओब्रोमीन नांवाचें द्रव्य असतें. चहा-कॉफींतील कॅफीनचें तें भावंडच होय. मनुष्याचें शरीर त्याचा निचरा लवकर करतें. कुत्र्याच्या शरीरांतून त्याचा निम्मा अंश जाण्यासच सुमारें १७ तास लागतात. तोंवर हृदय व मज्जातंतु त्याच्या तडाख्यांत राहतात.

धोका किती, हें दोन गोष्टींवर ठरतें: चॉकलेटाची जात आणि कुत्र्याचें वजन. दुधाच्या चॉकलेटांत दर ग्रॅममागें सुमारें २ मिलिग्रॅम थिओब्रोमीन असतें, कडवट डार्क चॉकलेटांत ५ किंवा अधिक, तर कोको पावडरींत २० हून अधिक. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागें २० मिलिग्रॅम पोटांत गेल्यास वांति व अस्वस्थपणा सुरू होतो. ४० च्या पुढें हृदयाची गति बिघडते आणि ६० च्या सुमारास झटके येऊं शकतात. आतां ५० ग्रॅम डार्क चॉकलेटाचा हिशेब पाहावा. त्यांत २५० मिलिग्रॅम विष. पंचवीस किलोच्या कारवानी कुत्र्याला तें किलोमागें १० पडतें, म्हणजे तो बहुधा निभावून जातो. चार किलोच्या पॉमेरेनियनला तेंच ६२ पडतें आणि त्याच्या जिवावर बेततें.

लक्षणें दिसण्यास दोनपासून बारा तास लागूं शकतात. वांति, जुलाब, फार तहान, येरझाऱ्या, धाप. पुढें थरकांप व झटके. अंगाचा तापहि चढतो, म्हणून सोलापूरच्या उन्हाळ्यांत अशा कुत्र्याला गार जागीं ठेवावें. परंतु लक्षणांची वाट पाहत बसणें हीच मोठी चूक होय.

कुत्र्यानें चॉकलेट खाल्लें असें कळतांच उरलेलें दूर करावें व वेष्टन जपून ठेवावें. कुत्र्याला उचलून काट्यावर उभें राहावें आणि त्यांतून आपलें वजन वजा करावें. नंतर जात, वजन व वेळ हीं तिन्ही पशुवैद्यांना तत्काळ कळवावीं. चॉकलेटांत मनुका किंवा साखरेऐवजीं झायलिटॉल असल्यास तेंहि सांगावें. हे दोन्ही पदार्थ कुत्र्याला घातक आहेत. पहिल्या दोनेक तासांत वैद्य औषधानें ओकारी काढतात, विष शोषणारा कोळसा देतात, गरज पडल्यास सलाईन लावतात. या विषावर खास उतारा नाहीं. लवकर पोहोंचणें हाच उतारा.

मिठाचें पाणी पाजूं नये. त्यानें रक्तांत मीठ वाढून दुसरेंच संकट ओढवतें. घशांत बोटें घालूं नयेत. दूध, तूप, हळद यांनीं विष उतरत नाहीं.

पुणें येथून सुमारें २५० किलोमीटर. ऐन वेळीं तिकडे नेण्याचा विचार व्यर्थ. म्हणून गांवांतील पशुवैद्यांचा क्रमांक आजच भिंतीवर लिहून ठेवावा आणि चॉकलेटाचा डबा वरच्या फळीवर चढवावा. मुलांनाहि समजावून द्यावें कीं, कुत्र्याला खाऊ न देणें हीसुद्धां मायाच आहे.