उलांडीच्या होडीचे मंडळ

आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर गेले, की रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, होडीच्या एका अंगाला दोन आडव्या दांड्यांना बांधलेला जो लांबट ओंडका दिसतो, त्याला उलांडी म्हणतात. हवाई बेटांवर या ओंडक्याला ‘अमा’, दांड्यांना ‘इआको’ आणि होडीला ‘वआ’ अशी नावे आहेत. अरुंद होडी पाणी सहज कापते, पण तितक्याच सहज कलंडते, आणि हीच अडचण उलांडी दूर करते: होडी ओंडक्याकडे झुकली तर पाणी त्याला वर रेटते, उलट बाजूस झुकली तर त्याचेच वजन दांड्यांच्या लांबीमुळे तरफेसारखे काम करून तिला पुन्हा सरळ करते. ही युक्ती ऑस्ट्रोनेशियन भाषा बोलणाऱ्या दर्यावर्दींनी मादागास्करपासून हवाईपर्यंत नेली, आणि जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये भारतीय नौकांच्या घडणीवर लिहिताना आपल्याकडील नौकांचा विचारही याच लोकांच्या संदर्भात केला.

हवाईत ही होडी टिकली ती मंडळांमुळे. १९०८ मध्ये वाइकिकी येथे अलेक्झांडर ह्यूम फोर्ड यांच्या पुढाकाराने ‘आउटरिगर कनू क्लब’ निघाला. १९११ मध्ये ऑलिंपिक जलतरणपटू म्हणून पुढे गाजलेले ड्यूक कहानामोकू आणि त्यांचे सोबती यांनी ‘हुई नालू’ स्थापन केले. या नावातील ‘हुई’ म्हणजे मंडळ आणि ‘नालू’ म्हणजे लाट. १९५२ मध्ये मोलोकाई ते ओआहू ही सुमारे ६५ किलोमीटरची खुल्या समुद्रातील शर्यत सुरू झाली. होडीत सहा जण एकामागे एक बसतात. पहिला लय ठरवतो, सहावा वल्ह्यानेच सुकाणूचे काम करतो, आणि ठरावीक वल्ही मारून झाली, की ‘हट’ अशा आरोळीवर सगळे एकदम बाजू बदलतात. एकट्याच्या ताकदीला इथे फारसा अर्थ उरत नाही.

कोकणात असे मंडळ वेगळे काढावे लागले नाही, कारण रापण हेच मंडळ होते. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि दुसरे टोक परत आणून देते. उलांडी एकाच अंगाला असल्याने दुसऱ्या मोकळ्या अंगाने जाळे सोडता येते. मग दोन्ही टोकांचे दोर अनेक हातांनी ओढले जातात आणि मासळीचे वाटे पडतात. पर्ससीन जाळ्यांच्या नौका खोल पाण्यातच थव्याचे थवे उचलू लागल्या तशी रापण आटत गेली, आणि होडीपेक्षाही तिच्याभोवती जमणारी माणसे पांगली, हे नुकसान अधिक मोठे आहे.

हवाईच्या शर्यतींत बारा वर्षांखालील मुलांपासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत वयोगट असतात. रापणीचा दोर धरायलाही नातवापासून आजोबांपर्यंत सगळेच वाळूत उभे राहत, आणि जिथे रापण अजून लागते तिथे ते आजही उभे राहतात.